वाकलेली पोय

“अजून किती वेळ?” दिगूदादाने दारातूनच विचारलं. हातात गाडीची किल्ली, आणि ती बोटाभोवती गरागरा फिरवणं चालू.

“निवली की उघडीन.”

“निवली की म्हणजे कधी?”

“ते भट्टीला विचार.”

त्याने किल्ली मुठीत धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता हिला काय सांगायचं. मग परत फिरवायला लागला. सकाळपासून आमच्या घरात एकही माणूस एका जागी बसलेलं नव्हतं. आये पुढच्या अंगणात, खळ्यात, गाठोडी बांधत होती, सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. दादा गाडी आणि घर यांच्यात येरझारा घालत होता. मी भट्टीसमोरच्या स्टुलावर बसले होते खरी, पण दर थोड्या वेळाने उठून दाराला हात लावून बघत होते. हात पोळला की बसत होते. स्वस्थ बसलेले एकटे आपा, आमचे वडील. खळ्यातल्या बाकड्यावर, सुपारीच्या झाडाकडे तोंड करून, डावा हात मांडीवर उपडा टाकून. आणि त्या दिवशी घरातून जायचं होतं ते त्यांनाच.

मी चिनीमातीत काम करते. चिनीमाती म्हटलं की लोकांना कपबशी आठवते. माझी माती त्यातलीच, पण जातीने सगळ्यात पांढरी आणि सगळ्यात नखरेल. पातळ लाटली आणि नीट भाजली तर उजेड आरपार येतो. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचं घर, मागे आपांची कलमांची नर्सरी, आणि गोठ्याची जुनी खोप मी कामाला घेतलेली. डोळ्यांपुढे जे उगवायचं तेच मी मातीत करायची. काजूच्या बोंडाचा देठ, भेंडीची शेंग, अळवाचं पान. त्या वर्षी मी माडाच्या पोया केल्या होत्या.

माड फुलायच्या आधी त्याच्या कुशीतून एक बंद, निमुळती पोय वर येते. पुढे ती उकलते आणि आतून फुलोरा बाहेर पडतो. मला उकललेली नको होती. मला ती उकलायच्या आदल्या दिवसाची हवी होती, आत सगळं दाटलेलं आणि वरून गप्प. तशा पाच पोया, एका झुबक्यात उभ्या. मधली सगळ्यात उंच. पुण्यातलं माझं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन त्या पाचांवर उभं राहायचं होतं, आणि त्या पाचही भट्टीत होत्या. दार घाईने उघडलं, गार वारा आत शिरला की टण्‌ आवाज होतो आणि सहा महिन्यांचं काम दोन तुकडे होऊन हातात येतं.

“आम्हाला उन्हं उतरायच्या आत घाट चढायचाय,” दादा म्हणाला. “तुझ्यासाठी थांबलोय मी. आपांना तुझ्या त्या पोया बघून निघायचंय म्हणून.”

“असं आपा म्हणाले?”

“आये म्हणाली.”

म्हणजे आपा काही म्हणाले नव्हते. दिवाळीनंतर ते फारसं काही म्हणतच नव्हते.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन फिरायला लागले, जीभही सुटली. हात मात्र राहिला. आणि कलमं बांधणाऱ्या माणसाचा डावा हात म्हणजे काय ते सांगते. उजव्या हातात सुरी असते, ती कोणीही चालवील. खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप, धरतो तो डावा हात. फांदीची काडी खुंटाच्या चिरेत बसली की दोन्ही एकजीव असल्यागत दाबून धरायची, आणि वरून पट्टी गुंडाळायची. तो दाब कमी पडला तर वारा शिरतो आणि काडी सुकते. आपांच्या हाताखालचं कलम सहसा मरत नसे. आजूबाजूच्या चार गावांत लोक हापूसपेक्षा आपांचं नाव आधी घेत.

कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काहीतरी मऊ हातात द्या, रोज दाबू दे. मी माझ्या मातीचा छान गोळा करून दिला. त्यांनी तो उजव्या हाताने उचलला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर फेकला. कोंबड्या ओरडत अंगणभर झाल्या.

“तो हात मेलो गो,” ते म्हणाले. “मेल्याक कोण ऊठ ऊठ करता?”

दुसऱ्यांदा गोळा द्यायची माझी छाती झाली नाही.

दादा डोंबिवलीला असतो. तिथे गेल्यापासून त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी झालीय, सणावारालाही मालवणीची घडी मोडत नाही. त्याने ठरवलं होतं की आपा आणि आये आता त्याच्याकडे राहतील आणि नर्सरी शेजारच्या बाळा धुरीला चालवायला द्यायची. मी आदल्या रात्री जेवताना त्याच्याशी तावातावाने भांडले होते.

“आपा तिथे काय करतील? तिसऱ्या मजल्यावर बसून कुंड्या मोजतील?”

“आणि इथे काय करतायत? सुपारी मोजतायत. हात आला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, कुंदा. पण नाही आला. तू आज इथे, उद्या पुण्याला. रात्री पडले तर आये उचलणार त्यांना?”

मी म्हटलं होतं, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. पण ते उगाच. खरं दुखणं हेच होतं की दादा चुकत नव्हता. हात येत नव्हता. हाताशिवाय कलमं नाहीत, आणि कलमं नाहीत तर आपांनी त्या खळ्यात बसून करायचं काय, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. त्यांना विचारलं तर ते हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मला त्याचाच राग येत होता. एकदा तरी ओरडा ना, असं वाटायचं.

आये चहा घेऊन आली. “घे. भट्टीक तोंड करून बसलंस म्हणान ती लवकर निवतली काय?”

चहा प्यायले. उठले. दाराला हात लावला. या वेळी हात टेकला आणि टिकला.

“दादा, ये.”

दार उघडलं. उबदार, कोरडी हवा तोंडावर आली. पहिली पोय बाहेर काढली, दुसरी काढली. पांढऱ्याशुभ्र, अंगावर शिरा उमटलेल्या, टोकाला किंचित उकलू पाहणाऱ्या. नखाने टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली. दादासुद्धा किल्ली फिरवायचा थांबला. तिसरी, चौथी. मग मधली.

मधली कमरेत वाकली होती. तुटली नव्हती, तडा नव्हता, पण खालच्या बाजूला, जिथे ती बारीक होते तिथून एका अंगाला झुकली होती. जड गाठोडं घेऊन चढण चढणाऱ्या बाईसारखी.

“अरेरे,” दादा म्हणाला. “आचेने?”

“आचेने नाही.”

“मग?”

या मातीची एक खोड आहे. ओली असताना ती एकदा वाकली, की नंतर तुम्ही तिला कितीही निगुतीने सरळ करा, ती सरळ होते, सरळ वाळते, दिसायलाही कुठे वावगं दिसत नाही. पण मोठ्या आचेत गेली की पुन्हा तिकडेच वळते जिकडे पहिल्यांदा वळली होती. आम्ही काम करणारे म्हणतो, मातीला आठवण असते. म्हणून तर मी त्या पोया बाळंतिणीच्या बाळासारख्या हाताळल्या होत्या. माझ्या हातून ती वाकली नव्हती. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी वाकवली होती आणि गुपचूप सरळ करून ठेवली होती.

मी तशीच ती पोय हातात घेऊन खळ्यात गेले. माझा राग पेंढ्याच्या आगीसारखा, पेटायला वेळ लागत नाही.

“माझ्या खोपीत कोण गेल्ला?”

आयेने गाठोड्यावरून मान वर केली. “मी तुझ्या त्या खोपीचो उंबरो ओलांडूक नाय. गेल्या वर्साक एकदा झाडू मारलंय, तर तू माझ्यावांगडा तीन दिस बोलाक नाय.”

“मगे ह्या कोणी केल्यान?”

“माजर इला असतला.”

“माजर पोय वाकवता आणि परत सरळ करून ठेवता?”

“हुशार असतत गो माजरां,” आये म्हणाली आणि दादाला हसू आलं. मला आणखीच चढलं.

“हस तू! तुझं काय जातंय!”

“मी कालच आलो, बाई. माझ्यावर नको. आणि चार छान आल्यात ना? चार घेऊन जा. पाचवी होती हे पुण्यात कोणाला माहीत आहे?”

“मला माहीत आहे.”

आपा सुपारीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

फसलेला नग ठेवायचा नाही, ही माझी जुनी रीत. ठेवला की मन त्याच्याशी तडजोड करायला लागतं. मी खोपीच्या दाराशी परत आले, उंबऱ्याचा दगड होता तिथे उभी राहिले आणि ती पोय फोडायला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. ऊन समोरून येत होतं. पोय उन्हात आली आणि पेटल्यासारखी उजळली. जिथे जाड तिथे दुधी, जिथे पातळ तिथे सोनेरी.

आणि जिथे ती वाकली होती तिथे चार सोनेरी डाग होते. एकाखाली एक.

मी हात खाली घेतले. डाग गेले. पुन्हा वर धरली. पुन्हा दिसले. पलटून बघितलं तर मागे पाचवा, रुंद. कोणीतरी तिला मुठीत धरलं होतं, आणि चांगलं दाबून धरलं होतं. दाबल्यामुळे माती तिथे पातळ झाली होती. बाहेरून हात फिरवला तर जाणवत नव्हतं, कारण धरणाऱ्याने वरून पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत केलेलं. पण उजेडापुढे लपत नव्हतं.

मी माझी बोटं त्या डागांवर ठेवून पाहिली. उजव्या हाताची. अंगठा भलतीकडे येत होता. पोय डाव्या हातात घेतली. अंगठा अंगठ्यावर बसला, बोटं बोटांच्या बाजूला. माझ्याहून मोठा पंजा होता तो. फक्त सगळ्यात वरचा डाग तोकडा. बाकीची तिन्ही बोटं पार वळून मागे गेलेली, आणि पहिलं अर्ध्यावर थांबलेलं.

माझ्या लहानपणी आपांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर कोयत्याखाली गेलं होतं.

पोय उंबऱ्यावर आपटणार होते ते विसरले. मग भीतीच वाटली. माझा भास तर नाही? हवं ते बघायला माणसाचे डोळे फार पटाईत असतात. मी तिसऱ्यांदा पोय उन्हात धरली. तोकडं बोट तिथेच होतं.

खळ्यात दादा आपांची वळकटी गाडीत कोंबत होता. “चला, आपा. उठा हळूहळू.”

मी मध्ये जाऊन आपांच्या डाव्या बाजूला उभी राहिले.

“आपा, ह्या जरा धरा.”

त्यांनी उजवा हात पुढे केला.

“त्या नको. डाव्या हातान.”

आये म्हणाली, “गो, खुळी झालंस? तो हात—”

“कुंदा, हा काय पोरकटपणा,” दादा म्हणाला. “पडेल ते.”

“पडली तर पडली. मी फोडणारच होते.”

आपांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चोरी पकडली गेलेल्या माणसाची नजर नव्हती ती. घाई करणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघत होते, रागाने आणि जरा कीव करून. मीही डोळे खाली घेतले नाहीत. आम्ही दोघं एकाच मातीचे, असं आये नेहमी म्हणायची. कौतुकाने नाही म्हणायची.

मग मांडीवरचा तो उपडा हात हलला. आधी मनगट वळलं. हात उताणा झाला. बोटं थरथरत उघडली, पुरती नाही, भाकरी घ्यायला उघडतात तेवढी. मी पोय त्यांत ठेवली. बोटं एकेक करून मिटली आणि आपापल्या जागेवर जाऊन बसली. तोकडं बोट तोकड्या जागेवर.

मी हात काढून घेतला.

पोय पडली नाही. आयेने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. दादाच्या हातातून किल्ली खाली पडली आणि त्याने ती उचलली नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“शिमगो झालो तेवापासून,” आपा म्हणाले. “एक दिस बोटां हालली. तू न्हावक गेल्लंस. खोपीत ही उभी केलेली बघलंय, बरोबर खुंटाएवढी जाड. म्हटला, बगूया मिटता काय हात. मिटलो. मगे सोडूक येय ना.”

“सोडूक येय ना?”

“काय सांगतंय तर. ओढलंय तर ही वाकली. एकेक बोट उजव्या हातान सोडवलंय. मगे तिका सरळ केलंय.”

“एका हातान?”

“एका हातान सरळ होता काय? डाव्यान धरलंय, उजव्यान सरळ केलंय.” ते पोयीकडे बघून जरासे हसले. “कोणाक कळाचा नाय असा वाटला. तुझी माती चुगलखोर.”

मला हसायचं होतं, पण झालं उलटंच. मी रडत रडत भांडायला लागले. “आणि आमका सांगूक नाय? दादा तुमका घेऊन चल्लो, बाळा धुरीक नर्सरी देतत, आणि तुमी बाकड्यार बसून रवलात! तोंडातसून एक शब्द नाय!”

“काय सांगाचा? एक दिस मिटता, दोन दिस मिटत नाय. कलम बांदल्यार पट्टी सोडून रोज बगतत काय, धरला काय म्हणान? जो बगता तेचा मरता. हात पुरतो येय पर्यंत कोणाक सांगूचा नसता.”

“आणि तोपर्यंत डोंबिवलीक पोचला असतात तर?”

“पोचलो असतंय,” आपा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “तू सकाळपासून त्या भट्टीच्या दारात बसलंस. दादा इतक्यांदा सांगी होतो, उघड उघड. उघडलंस? मगे माझा दार कित्याक उघडलंस?”

पुढे ती पोय कधी पुण्याला गेली नाही. चार गेल्या, आणि लोकांनी विचारलंही की मधली जागा रिकामी का. पाचवी आपांच्या बाकड्याशी राहिली. त्या पावसाळ्यापासून तिच्या वाकलेल्या अंगावर कलमं बांधायच्या पट्ट्या अडकवलेल्या असायच्या, आपा होते तोवर.

पण ते सगळं नंतर. त्या घटकेला मी डोळे पुसून म्हटलं, “बरां. द्या ती हय.”

आपांनी हाताकडे बघितलं. बोटं पांढरी पडली होती. कपाळावर घाम आला होता.

“सोडूक अजून येय ना,” ते म्हणाले. मघापासूनचा सगळा ताठा उतरला होता, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

मी पुढे होणार इतक्यात दादाने मला बाजूला केलं. चांगली इस्त्रीची पँट घातलेली, तसाच तो खळ्यातल्या शेणाच्या सारवणावर गुडघे टेकून बसला. त्याने एका हाताने पोय खालून धरली आणि दुसऱ्या हाताने आपांची करंगळी हळूच उचलली. ती सुटेना. त्याने जोर लावला, थांबला, आणि वर आपांच्या तोंडाकडे बघितलं. त्याला तो जोर कळला होता. जो हात मेला म्हणून तो त्यांना न्यायला आला होता, तो हात त्याला दाद देत नव्हता.

“आपा,” तो म्हणाला, “दुखता काय?”

कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून ती भाषा मी ऐकली नव्हती.

“दुखता,” आपा म्हणाले. “दुखांदे. तू सोडय.”

करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं. मधलं सुटलं. तोकडं बोट सगळ्यात शेवटी. दादाने पोय माझ्याकडे दिली, पण आपांचा हात लगेच सोडला नाही. उताणा धरून, अंगठ्याने चोळत बसला. मग तो उठला, गुडघे झाडायचं विसरून गाडीकडे गेला, मागचं दार उघडलं आणि आपांची वळकटी बाहेर ओढायला लागला.

“ती मगे काड रे,” आये नाक पुसत म्हणाली. “पयली लोणच्याची बरणी काड. तळाक आसा, फुटात.”